तुम्ही विचारलेत म्हणून: पोलीस असताना तुम्ही मध्ये कशाला पडता?

नाशिकमधल्या सातपूरच्या वस्तीत, भांडण हिंसेपर्यंत जाण्याआधी थांबवण्याचे आमच्या गटाचे काम सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, क्वचित एखादा हवालदारही विचारतो. पोलिसांचे काम पोलिसांनीच करावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्यांच्याकडे प्रकरण जाते ते बहुधा वार झाल्यानंतर, आणि आमचे लक्ष असते ते पहिली थप्पड आणि तिचा बदला यांच्या मधल्या काही तासांवर.

मागे विसर्जन मिरवणुकीत धक्का लागण्यावरून एका सतरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत मार बसला. रात्री त्याचे मित्र कोयता घेऊन निघण्याच्या बेतात होते. मी निवृत्त शिक्षक. माझे त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले असते आणि तरीही ते गेले असते. म्हणून त्याच गल्लीतला, स्वतः तुरुंग पाहून आलेला आमचा कार्यकर्ता त्यांच्यासोबत पहाटेपर्यंत बसला आणि मी मुलाच्या आईजवळ थांबलो. त्या रात्री कोणी गेले नाही. क्षयरोग आणि कॉलऱ्याच्या साथींवर काम केलेले डॉक्टर गॅरी स्लटकिन यांनी 2000 साली शिकागोच्या एका भागात याच तत्त्वावर कार्यक्रम सुरू केला: हिंसा साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा साखळी तोडायला ज्याचा शब्द त्या पोरांत चालतो असाच माणूस पाठवावा.

मात्र माणूस ऐनवेळी शोधून सापडत नाही. भिवंडीने 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगली भोगल्या होत्या. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. शांततेच्या दिवसांत दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसह एकत्र बसत होती, त्यामुळे अफवा आली तेव्हा खरे-खोटे कोणाला विचारायचे हे त्यांना ठाऊक होते. आमची दर महिन्याची बैठक काही लोकांना रिकामा उद्योग वाटते. मला ती सर्वांत मोलाची वाटते.

एक मर्यादा मात्र आम्ही कसोशीने पाळतो. 2007 मध्ये राज्यात सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने बांधावरचे वाद सामोपचाराने मिटवण्याची सवय लावली, ही मोठी गोष्ट होती. पण बायकोला मारहाण हा तंटा नव्हे, आणि चार वडीलधाऱ्यांनी 'सांभाळून घे' म्हणत तिला परत घरी पाठवणे मला अन्यायाचे वाटते. अशा वेळी आमची कार्यकर्ती तिच्यासोबत अशा स्त्रियांच्या मदतीसाठी नेमलेल्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाते, कारण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागण्याची सोय दिली आहे.

मार खाल्लेला तो मुलगा आता बैठकीला येतो. बोलत नाही, दाराशी उभा राहतो. पुढच्या विसर्जनाला आमच्यासोबत फिरशील का, असे मी त्याला विचारले आहे.