कमी आलेला आकडा

सोमवारच्या सकाळच्या पाळीचा पीएम-१०, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचा आकडा, आला घनमीटरला ४२ मायक्रोग्रॅम. भर हिवाळा, आमच्या हवा-तपासणी केंद्राशेजारचा रस्ता उकरलेला, दुपारी ९६ आणि रात्री ८८. मग सकाळीच हवा एवढी धुतल्यासारखी कशी? वजनं उतरवून घेणारा पोरगा म्हणाला, "कमी आलंय की साहेब, बरंच झालं."

बरं का, तेही कळतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर आहे आणि त्याचा निधी कामगिरीशी बांधलेला आहे. २०१७-१८च्या तुलनेत २०२५-२६पर्यंत पीएम-१० ४० टक्के उतरवायचं किंवा ६० मायक्रोग्रॅमची वार्षिक मर्यादा गाठायची, असं लक्ष्य ठरलं होतं. आकडा वाढला की चौघे फेरतपासणी मागतात. घटला की कुणी विचारत नाही.

आधी वजनकाट्यावर संशय घेतला. धूळ धरणारा फिल्टर पेपर पुन्हा चोवीस तास डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून तोलला. धूळ तीच, ०.०२२२ ग्रॅम. कडेचे तंतू पेपर दाबून धरणाऱ्या गॅस्केटला चिकटून निघाले तरी वजन घटतं, पण कडा शाबूत होत्या. प्रवाह दाखवणारा मॅनोमीटर यंत्र बंद असताना बरोबर शून्यावर, चालू असताना प्रवाह मिनिटाला १.१ घनमीटर. आठ तासांचे ५२८ घनमीटर, भागाकार ४२. हिशोब चोख.

मग सॅम्पलरचा, म्हणजे पेपरातून हवा ओढणाऱ्या यंत्राचा, तास मोजणारा काटा पाहिला. सुरुवातीला ३४१२.६, शेवटी ३४१७.५. यंत्र चाललंच होतं ४.९ तास! दुरुस्तीसाठी वीज बंद होती आणि पेपर काढणाऱ्याने सवयीने '८ तास' लिहिलं होतं. हवा खरी ओढली ३२३ घनमीटर, म्हणजे पाळीचा आकडा ६९ आणि दिवसाची सरासरी ७५ऐवजी ८४. तिन्ही पाळ्या मिळून १६ तासांपेक्षा जास्त भरत होत्या, त्यामुळे दिवस बाद करायची गरज नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो, पण मागची पानं उलटली. सलग तीन सोमवार, तीच पाळी, तोच प्रकार. नमुने वर्षाला किमान १०४ दिवस, आठवड्यातून दोनदा घ्यायचे असतात. आपण वार ठरवून टाकलेले आणि वीजही त्याच वारी जाणार. वर्षभर असंच चाललं असतं तर ५२ दिवस खोटे आणि वार्षिक सरासरी जवळजवळ साडेचार मायक्रोग्रॅमने खाली. रस्ते झाडायच्या यंत्रावर आणि पाण्याच्या टँकरवर पैसे ओतूनही एवढी घट सहज पदरात पडत नाही.

नोंदवहीत 'तास' हा रकाना होता, तो खोडून 'काटा सुरू' आणि 'काटा बंद' असे दोन केले. वार फिरते ठेवले. तिन्ही सोमवारचे दुरुस्त आकडे, काट्याच्या नोंदी जोडून, वर पाठवले.

तासाभरात फोन आला, "हे वाढले कसे?"