नदीची काठी, बेलापूरची खाडी आणि दोनशे पावलांचा चिखल

कंबर अजून धरलेली आहे, त्यामुळे सूर कडू लागला तर समजून घ्या.

गळाने मासे पकडायचं सामान विकणाऱ्या ठाण्यातल्या एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, हा सेट नदीलाही चालतो, खाडीलाही." सहा फुटी काठी, छोटं रील, दहा पौंड ताण सोसणारा तंगूस (नायलॉनची दोरी). ३,२०० रुपये. नदीला चालतो, खोटं कशाला बोलू. टिटवाळ्याजवळ काळू नदीवर बारीक गळाला कणकेची गोळी लावून बसलो, चिलापी भरपूर लागली. बाकी त्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. खाडीला मात्र तो सेट म्हणजे खेळणं.

बेलापूरच्या खाडीत ओहोटी लागली की पाणी अक्षरशः ओढतं. माझं पंधरा ग्रॅमचं शिसं तळाला टेकायच्या आधीच कांदळवनाच्या मुळांत जाऊन बसायचं. मित्राचे कोळीवाड्यातले काका शेजारी होते. त्यांनी काठी हातात घेऊन वाकवून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "पोरा, यानं कोलंबी तरी वर येल का?" पाचच्या सुमाराला एक दणका बसला. मासा जिताडा होता की तांब, दिसलंच नाही. तो सरळ खांबाकडे पळाला, खांबावरच्या कालवांना तंगूस घासला आणि तुटला.

तेव्हा खाडीसाठी आठ-नऊ फुटी जाड काठी, चार ते पाच हजार नंबरचं रील आणि तीस पौंडी विणलेली दोरी घ्या. विणलेली दोरी ताणली जात नाही, चावा हाताला लगेच कळतो, पण कालवांवर ती टिकत नाही. म्हणून पुढे हातभर जाड, चाळीस पौंडी लीडर, म्हणजे तंगुसाचा तुकडा, बांधायचाच. जिताड्याच्या कल्ल्याची कडही सुरीसारखी असते. शिसं साठ ते नव्वद ग्रॅमचं. गळाच्या नंबरात मी फसलो होतो: आठपेक्षा दहा नंबरचा गळ लहान, पण पुढे शून्य लागलं की उलटं, एक-शून्यपेक्षा तीन-शून्य मोठा. जिताड्याला मोठा गळ आणि जिवंत कोळंबी. कणीक घरी ठेवा.

आता चिखल. तृतीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे सव्वादोन. हे आजोबा शिकवून गेले होते, तरी मी आम्हाला सोडून परत न्यायला येणाऱ्या होडीवाल्यावर विसंबलो. "सहापर्यंत पाणी असतं," म्हणाला. साडेपाचलाच होडी दोनशे पावलांवर रुतून बसली आणि तो तिथूनच हात करायला लागला. ती दोनशे पावलं चालायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. मांडीपर्यंत रेंदा, डावी सँडल आत राहिली ती राहिलीच, कालवाने टाच फाडली. उभं राहिलात की खाली जाता. थांबायचं नाही, जास्त रुतलात तर गुडघ्यांवर यायचं आणि वजन पसरायचं. घट्ट लेसचे कॅनव्हासचे बूट हवेत. सँडल, क्रॉक्स, गमबूट, सगळं बाद. आणि उधाणाच्या दिवसांत भरती उलटल्यावर दोन तासांच्या आत परत फिरा, मासा कितीही लागत असो.

वर होडीचे पैसे. "आठशे" म्हणाला होता. उतरल्यावर कळलं, माणशी! तिघांचे २,४०० मोजले, कारण चिखलाने माखलेल्या माणसाला भांडायचा उत्साह नसतो. बसायच्या आधी विचारा: होडीचे की माणशी, आणि परत किती वाजता.

हाती आला तो एक शिंगाळा. त्याला नुसत्या हाताने धरू नका. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, असे तीन विषारी काटे असतात. पक्कड वापरा. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरकडे जा.

घरी येऊन मी तसाच झोपलो. पुढच्या रविवारी रीलचं हँडल फिरेना, आत मीठ धरलेलं. त्याच रात्री गोड्या पाण्याची बारीक धार सोडून धुवायचं, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून सावलीत वाळवायचं, एवढंच काम होतं.

शिंगाळ्याचं कालवण काकांकडे झालं. मला शेपटीचा तुकडा मिळाला.