आमची वाटचाल: बार्जींच्या लेथपासून रिळांच्या टेबलापर्यंत

गोव्यातल्या रायबंदरच्या आमच्या वर्कशॉपवर अजून ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ हाच बोर्ड आहे. नवे गिऱ्हाईक समोरून दोनदा जाते आणि मग फोन करते. ‘रीळ सर्व्हिस’ असे लिहा म्हणून मुलगा मागे लागलेला असतो. पण तो बोर्ड वडिलांनी रंगवून घेतला होता आणि आतली लेथही त्यांचीच, त्यामुळे बोर्ड राहील. बार्जींची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटींची, कामे करणारी माणसे मासे गरवायच्या रिळांकडे, म्हणजे रॉडवरच्या लाइन गुंडाळायच्या चकऱ्यांकडे, कशी वळली, असे लोक विचारतात म्हणून लिहायला बसलो. दुसरे कारण असे की, आम्ही भंगाराचे डुप्लिकेट पार्ट घालतो, असे बाजारात पसरवले गेले. त्यालाही कुठेतरी उत्तर हवे.

वडील टर्नर. मांडवीतून खनिज भरून मुरगावला जाणाऱ्या बार्जींवर आमचे घर चालले. स्टर्न ट्यूबचे (पंख्याचा शाफ्ट जिच्यातून बाहेर निघतो त्या नळीचे) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, पंपाचे शाफ्ट, सुकाणूच्या पिना, असली कामे. पावसात आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा, वाहतुकीला बंद झाला की बार्जी कुंभारजुवेच्या खाडीतून जुवारीत उतरत, तेव्हाही यार्डातून माणूस शाफ्ट खांद्यावर टाकून आमच्याकडे येतच असे. लेथ बटाल्याची. तिचा बेड आजही सरळ आहे, कारण वडील संध्याकाळी किस झाडून, तेलाचे फडके फिरवल्याशिवाय घरी जात नसत. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली लागलो, आणि पहिले वर्षभर मला फक्त ते फडकेच मिळाले.

रिळांचा नाद मावसभावाचा. पणजी आणि रायबंदरला जोडणारा जुना पोर्तुगीज बांध आहे ना, 1633-34 मधला, तिथे भरतीच्या वेळी तो रोज रॉड घेऊन उभा. त्याचे रीळ अडकले की माझ्याकडे. मग त्याच्या मित्रांचे. वर्कशॉपच्या खिडकीखाली एक टेबल टाकले आणि रविवारी त्यावर रिळे उघडू लागलो. वडील म्हणायचे, यात पैसे नाहीत. तेव्हा खरेच नव्हते.

मग 2012 आले. सप्टेंबरमध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि बार्जी नदीत जागच्या जागी नांगर टाकून उभ्या राहिल्या. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. खाणीवाल्यांचे, ट्रकवाल्यांचे हाल पेपरात आले, आणि ते खरेच होते. पण बार्जीच्या मागे जी छोटी वर्कशॉपे होती त्यांच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आमची बिले बार्जमालकांकडे अडकलेली, बार्जमालकांचे पैसे आणखी वर कुठेतरी. मागायला गेलो तर चहा मिळायचा. ज्या बँकेत वडिलांनी आयुष्यभर खाते ठेवले, तिथल्या साहेबाने ओळख दाखवली नाही आणि नोटीस मात्र वेळेवर पाठवली. आमचे दोन्ही कामगार गेले. त्यांना दोष देत नाही, त्यांनाही घर होते.

शेवटी भंगारवाला येऊन लेथ बघून गेला. त्याने भाव किलोवर सांगितला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

इथे आमचे तारवटी अंकल येतात. नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. हयात बोटीवर काढलेले गृहस्थ, निवृत्त होऊन सांताक्रुझला राहिलेले. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात घेतलेले पेन कंपनीचे जुने जाड रीळ त्यांच्याकडे होते. पेन म्हणजे 1932 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेली रिळांची कंपनी. त्यांचे जुने मॉडेल हातात घेतले की वजनावरूनच कळते. अंकलच्या रिळाचा बुश पार घासून गेला होता आणि स्पूल (लाइन गुंडाळली जाते ती फिरकी) डगडगत होता. दोन दुकानांनी त्यांना ‘नवीन घ्या’ म्हणून सांगितले होते. आमच्याकडे बार्जीच्या स्टर्न ट्यूबमधून उरलेला गनमेटलचा तुकडा पडला होता. गनमेटल म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे राहायलाच ते बनलेले. त्यातून मी बुश काढला, भोक नेमक्या मापाचे करायला रीमर फिरवला, बसवला. अंकलनी हँडल फिरवून कानाशी धरले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते गोणपाट घेऊन आले. सासष्टीतले, बार्देशीतले, बोटीवरचे जुने सोबती, सगळ्यांची मेलेली रिळे त्यात. वर पैसे आगाऊ. मी नको म्हणालो तर म्हणाले, “मेस्ता, हें तुज्याच हातान जावंक जाय, आनी ताका तूं उरपाक जाय.” म्हणजे, मिस्त्री, हे तुझ्याच हातून व्हायला हवे, आणि त्यासाठी तू टिकायला हवास. त्या गोणपाटावर आमचा लेथ वाचला. भंगारवाल्याला मी स्वतः फोन केला, आणि तो फोन करताना जरा मोठ्याने बोललो हे कबूल.

त्या गोणीतल्या रिळांनी मला हा धंदा शिकवला. एकूण एक रीळ समुद्रात नव्हे, घरातल्या कपाटात मेले होते. हे नीट समजून घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. पाणी सुकते, मीठ राहते, आणि आपल्याला वाटते रीळ कोरडे झाले. पण मिठाचा कण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलसर होते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मे महिन्यात न धुता ठेवलेले रीळ चार महिने कपाटात बसून मिठाच्या पाण्यातच भिजत असते. त्यात ॲल्युमिनिअमच्या बॉडीत स्टेनलेसचा स्क्रू, मध्ये खारे पाणी: दोन धातू आणि क्षार मिळाले की ॲल्युमिनिअम खाल्ले जाते, पांढरी पूड होते, स्क्रू जाम होतो. स्टेनलेसही सुरक्षित नाही. क्लोराइड त्याच्यावरचा क्रोमियमचा पातळ थर भेदतो आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. बेअरिंगचे स्टेनलेस तर कडक लागते म्हणून वेगळे असते, ते नट-बोल्टच्या 316 प्रतीच्या स्टेनलेसपेक्षा लवकर गंजते. हँडल फिरवताना वाळू चावल्यासारखे लागते ते बहुतेक वेळा हेच.

ब्रेडेड लाइन ही दुसरी चोर. चार किंवा आठ धागे विणलेले, मध्ये पाणी धरून बसतात. वरून धुतलेत तरी तळाचे वेटोळे खारे राहतात आणि स्पूल खालून खातात. मोनो, म्हणजे एकाच सलग धाग्याची लाइन, वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, पण त्यांना दुसरे त्रास आहेत.

अंकलमुळे नाव झाले. आग्वादला, काबो द रामाच्या खडकांवर, शापोऱ्याच्या तोंडावर चणक आणि तांबोशी गरवणारे लोक विचारत विचारत येऊ लागले. हत्यारे हळूहळू जमवली. त्यांच्याबद्दल लिहायला मला वेगळा कागद लागेल, पण थोडे लिहितोच. जपानी रिळांच्या स्क्रूचा खाच-क्रॉस आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखा दिसतो, पण असत नाही. त्याला जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रूड्रायव्हर लागतो. फिलिप्स घातला की तो घसरून वर येतो आणि डोके चावून टाकतो. पितळी पंच मी स्वतः लेथवर काढलेले आहेत, कारण पोलादी पंचाने शाफ्टवर खूण पडते. जाम स्क्रूवर आधी सोल्डरिंग आयर्न टेकवायचे, ऊब आत जाऊ द्यायची, मग फिरवायचे. जोर नाही लावायचा. काही रिळांच्या हँडलला उलटे आटे असतात, ते ज्याला माहीत नाही त्याने हात लावू नये. पार्ट ठेवायला कप्प्यांचा ट्रे, आणि पार्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. वॉशरच्या कुठल्या बाजूला ग्रीस जास्त होते तेही मी बघतो. त्यावरून मागचा माणूस कोण होता ते कळते.

2014 ते 2018 या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही, काम चालू होते. मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा मी रिळाच्या टेबलावरून उठलोसुद्धा नाही.

आता आमच्या पार्टांबद्दल पसरवणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल. नाव घेत नाही. ते आमच्याच खिडकीखालच्या टेबलावर बसून रीळ उघडायला शिकले, माझ्याच पितळी पंचांनी. शिकणे अर्धे झाले तेव्हा बार्देशीत किनारपट्टीला दुकान काढले. काढू दे, धंदा सगळ्यांनी करावा. ‘एका तासात सर्व्हिस’ असा बोर्ड लावला. एका तासात काय होते? स्पूल काढायचा, अख्खे रीळ पेट्रोलमध्ये बुडवायचे, कंप्रेसरची हवा मारायची, वरून स्प्रे आणि फडके. रीळ चमकते, हँडल गुळगुळीत फिरते, गिऱ्हाईक खूश. महिन्याभराने ग्रीस नसलेला पिनियन (छोटा गिअर) मुख्य गिअरला खायला लागतो. दायवा या जपानी कंपनीच्या मॅगसील्ड रिळांत चुंबकाने धरून ठेवलेले खास तेल असते, खारे पाणी अडवायला. पेट्रोलात बुडवले की ते गेले आणि त्याबरोबर ते सील गेले. अँटी-रिव्हर्सच्या, म्हणजे हँडल उलटे फिरू न देणाऱ्या, क्लचमध्ये पातळ तेलाचा एक थेंब चालतो, जाड ग्रीस चालत नाही. त्यांनी ग्रीस भरले. क्लच घसरला, हँडल उलटे फिरले, आणि अंकलच्या पुतण्याच्या हातून चांगला मोठा चणक गेला. अंकल त्या दुकानात कधी गेले नव्हते, पुतण्या गेला होता. घरात त्यावरून बोलाचाली झाली म्हणे.

हे सगळे मी सहन केले असते. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली की रायबंदरवाले भंगाराचे डुप्लिकेट पार्ट घालतात. भंगार! जे गनमेटल बार्जीच्या शाफ्टखाली खाऱ्या पाण्यात टिकते, ते यांच्या दृष्टीने भंगार. ज्या मॉडेलचा पार्ट कंपनीच देत नाही त्याचा बुश, त्याचा हँडल नट, लेव्हल वाइंडची (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाची) पॉल आम्ही बनवतो, आणि बिलावर ‘वर्कशॉपमध्ये बनवलेला’ असे स्पष्ट लिहितो. जिथे कंपनीचा पार्ट मिळतो तिथे तोच मागवतो, वाट बघायला लागली तरी. रिळे बनवणारी जपानची शिमानो कंपनीसुद्धा 1921 मध्ये वर्कशॉप म्हणून सुरू झाली आणि आधी सायकलचे फ्रीव्हील बनवत होती. रिळे खूप नंतर आली. लेथवरच्या माणसाला कमी लेखणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

पर्यटकांना मासे गरवायला नेणारा एक बोटवाला आमचा नियमित होता, तो तासाच्या बोर्डाला भुलून तिकडे गेला. दोन मोसमांनंतर सगळी रिळे घेऊन परत आला. मी काही बोललो नाही. बिल पूर्ण लावले, सवलत दिली नाही.

मुलाला वाटते मी इथेच थांबावे. पण एवढे वाचलेच आहे तर ऐका. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सुटू देणारा ब्रेक) पूर्ण आवळा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. मग नळाची हलकी धार, पाइपचा फवारा नाही, कारण जोराचे पाणी मीठ आत ढकलते. बादलीत बुडवू नका, आणि धुताना हँडल फिरवू नका. झटका, पुसा, स्पूल काढा, ड्रॅग सैल सोडा, सावलीत सुकवा. लाइन ज्यावरून वळून स्पूलवर जाते त्या लाइन रोलरला तेलाचा एक थेंब. लोक सगळ्या रिळाला तेल पाजतात आणि सगळ्यात जास्त फिरणारा हा एवढासा रोलर विसरतात. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे. तो आतले ग्रीस धुऊन काढतो. ड्रॅग आवळलेला ठेवून रीळ महिनोन्‌महिने कपाटात ठेवले तर वॉशर दबून बसतात, मग माशाच्या पहिल्या धावेलाच लाइन तुटते आणि दोष लाइनला. मोसम संपला की ब्रेडेड लाइन उलटी काढून गोड्या पाण्यात भिजत घाला.

वडील आता येत नाहीत, डोळ्यांमुळे. मुलगा टेबलावर बसतो. त्याचा हात माझ्याहून हलका आहे, हे त्याला मी सांगितलेले नाही. पुतण्या अंकलचे ते पेनचे रीळ दर वर्षी आणतो. बुश अजून तोच.

रीळ आणायचेच तर जूनमध्ये आणा. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरबंदी असते, बोटवालेही घरी असतात, आम्हाला सावकाश काम करता येते. सप्टेंबरच्या शेवटी सगळे एकदम येतात आणि ‘उद्या हवे’ म्हणतात. उद्या मिळणार नाही. लाइन काढून आणू नका, स्पूलखाली काय झाले आहे ते मला बघायचे असते. आधी कुठे उघडले असेल तर तसे सांगा. नाही सांगितले तरी स्क्रूच्या डोक्यांवरून आम्हाला दिसतेच, आणि कोणी उघडले तेही.