कार्ड पाऊच, प्रयत्न तिसरा (फ्लॅप अजून वाकडाच आहे)

तर मंडळी, मागे ज्या क्रोशाच्या कार्ड पाऊचबद्दल (बँकेची, पॅन वगैरे कार्डं ठेवायची छोटी पिशवी, वर फ्लॅप म्हणजे झाकण) लिहिलं होतं ते दोनदा उसवून झालंय, आणि दोन्ही वेळा चूक माझीच. दोरा तोच, फोर प्लाय कॉटन, मोरपिशी, क्रोशाची सुई अडीच एमएमची. आधीच्या टेबलक्लॉथमधला उरलेला गुंडा आहे, त्यामुळे उसवताना जीव जळत नाही एवढं बरं.

पहिल्या वेळी मी एकच डेबिट कार्ड समोर ठेवून माप घेतलं, कार्ड ५४ मिमी रुंद, माझे १० टाके ३.६ सेंमी, म्हणजे दोन्ही बाजू धरून ३० टाके. एक कार्ड अगदी मस्त बसलं, मी खूश, फोटोबिटो काढला. मग पॅन, आधार, लायसन्स, मेट्रोचं कार्ड असं करत सहा कार्डं एकावर एक ठेवून घालायला गेले तर जाईचना! एक कार्ड ०.७६ मिमी जाड म्हणजे सहाचा गठ्ठा साडेचार मिमीच्या वर, आणि तो दोन्ही कडांना मोजायचा, म्हणजे घेर ११ सेंमीवरून पावणेबारावर जातो, हे डोक्यातच आलं नाही. आई फोनवर म्हणाली, "अगं आधी सगळी कार्डं रबर लावून बांध आणि त्याच्यावर माप घे की, उशीचा अभ्रा काय उशी न बघता शिवतेस का?" तोंडात बोट घालण्याशिवाय काय करणार.

दुसऱ्या वेळी रागाने ३६ टाके घेतले. पाऊच उलटं केल्यावर पॅन कार्ड जमिनीवर. कॉटन हाताळून हाताळून सैल पडतं ते वेगळंच.

आता ३२ वर आहे. १७ साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून १६ मुके खांब (बुटके, गच्च टाके), मग वळून साखळीच्या खालच्या बाजूने १६, आणि तिथून न जोडता गोल गोल चालू ठेवायचं, शिवण नाही. रिकामं असताना जरा घट्टच वाटतं पण कार्डं घातली की मोज्यासारखं बसतं. साधे खांब (उंच टाके) घेऊ नका हां कोणी, विण लवकर वाढते हे खरं पण फटींतून कार्डाचे कोपरे डोकावतात.

यावेळी एक बदल केला, दोरा सुईवरून न घेता सुई दोऱ्यावर नेऊन खालून ओढला, त्याने टाका फुलीसारखा दिसतो आणि एकदम गच्च होतो. पण टाका बुटकाही होतो, त्यामुळे २६ फेऱ्यांत ७.९ सेंमीच झालं, मग अजून तीन टाकल्या. कार्डाची उंची साडेआठच्या थोडी वर, म्हणून २९ बरोबर.

आता खरी गंमत. गोल विणताना टाके दर फेरीला जरासे उजवीकडे सरकतात हे वाचलेलं, पण सेफ्टी पिन पहिल्या फेरीच्या कडेला लावून तीच वर वर सरकवत गेले आणि तिथूनच १६ टाके मोजून फ्लॅप चालू केला. सहा ओळी झाल्यावर टेबलावर ठेवलं तर फ्लॅप तीन टाके बाजूला, टोपी तिरकी घातल्यासारखा! फुलीच्या टाक्यात तिरकेपणा कमी असतो पण जात नाही. आता कार्डं आत घालून, पाऊच सपाट ठेवून, जिथे खरंच कडा येते तिथे दोन पिना लावल्यात आणि फ्लॅप उसवलाय. पाऊच नाही, फक्त फ्लॅप.

मेट्रोचं कार्ड पाऊचमधूनच टॅप करून बघितलं, कॉटन मध्ये येत नाही, पण टॅपवाली दोन कार्डं चिकटून असली तर मशीन गोंधळतं, तर ते कार्ड बाहेरच्या बाजूला वेगळ्या कप्प्यात द्यावं का बघतेय.

बटण बाबांच्या जुन्या शर्टाचं सापडलंय, चार भोकांचं. काज ठेवू की साखळीचा लूप करू? लूप सोपा आहे पण सैल पडतो असा अनुभव, कोणी मजबूत केला असेल तर सांगा, रविवारी बसणारे.