गुंडाळलेला लखिंदर

परवा दुपारी एका परिचितांच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत बसवलेला बंगाली पट, म्हणजे कथा सांगणाऱ्या चित्रांची लांब गुंडाळी, पाहिला. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या पिंगल्याजवळच्या नया गावाहून त्यांनी तो मोठ्या हौसेने आणला आहे. पण पट लांबच लांब आणि भिंत बेताची, त्यामुळे वरची चार चित्रे काचेआड मांडून उरलेला भाग मागे गुंडाळून टाकलेला. कथा बेहुला-लखिंदरची होती. चाँद सदागर हा व्यापारी नागांच्या देवीची, मनसेची, पूजा करीत नाही म्हणून ती चिडते, त्याच्या धाकट्या मुलासाठी, लखिंदरसाठी, बांधलेल्या लोखंडी महालाला केसाएवढे छिद्र राहते आणि लग्नाच्या रात्रीच नागीण आत शिरते. नेमकी तिथे चौकट संपली होती. पुढे बेहुला नवऱ्याचे कलेवर घेऊन तराफ्यावरून निघते, देवसभेत नाचून त्याचे प्राण परत मिळवते, आणि चाँद अखेर मनसेला फूल वाहतो तेही तोंड फिरवून, डाव्या हाताने; पण त्या घरात लखिंदर मेला तो मेलाच.

मला मुळात पट भिंतीवर टांगणेच मानवत नाही. जुन्या साडीचे अस्तर लावलेला तो कागद पटुआच्या, म्हणजे पट रंगवून गाणाऱ्याच्या, हातात उलगडायचा असतो. तो एक चित्र उघडतो, त्यावरून बोट फिरवीत पटेर गान, म्हणजे पटाचे गाणे, गातो, आणि गाण्यातला प्रसंग संपला की मगच पुढचे चित्र खाली सरकते. पुढचे आधी दिसू नये, यातच अर्धी गंमत आहे. लहानपणी सावंतवाडीकडे, पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवीत गायलेली कथा, पाहताना मला हा धीर नव्हता. देवळात वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र समोर धरी, आणि मी पुढे काय आहे ते बघायला हळूच त्याच्या पाठीमागे जाई. पाठीला पाठ लावून चिकटवलेले दुसरे चित्र तिथे दिसे, ते कुणाचे हे मात्र गाण्यावाचून कळत नसे. वर आजोबांचे डोळे वटारलेले.

नयाचे हे चित्रकार (हेच त्यांचे आडनाव) बहुतेक मुसलमान आहेत, आणि मनसा, दुर्गा, कृष्ण यांची गाणी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मुसलमान संत गाजी पीर वाघासह त्याच झोळीत असतो, आणि अलीकडे त्सुनामीही. अपराजितेच्या फुलांची निळाई, हळदीचा पिवळा, काजळीचा काळा, हे सारे बेलफळाच्या डिंकात कालवून नारळाच्या करवंट्यांत ठेवलेले असते. आता हेच रंगकाम छत्र्यांवर, किटल्यांवर आणि सदऱ्यांवरही विकले जाते, त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. दारोदार गाऊन मूठभर तांदळावर जगा, असे दुसऱ्याला सांगणे सोपे असते.

त्या चौकटीपुढे बसल्या बसल्या आठवला तो मात्र निराळाच पट. संथाळ आदिवासींच्या वस्तीत कुणी वारले की तिथला जादूपटुआ नावाचा चित्रकार मृताचे चित्र घेऊन दाराशी येतो. चित्रात सर्व काही असते, फक्त डोळ्यांत बुबुळे नसतात. तुमचा माणूस परलोकात आंधळा भटकतो आहे, असे तो घरच्यांना सांगतो, आणि पैसे, धान्य किंवा भांडे हाती पडले की कुंचल्याने बुबुळे भरतो. याला चक्षुदान म्हणतात. शिकलेली माणसे याला शोकाकुलांची लुबाडणूक म्हणतात, आणि कागदावर पाहिले तर ती आहेही. तरी माझ्याच्याने तसे म्हणवत नाही. वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही सगळे नदीकाठी ताटकळत उभे होतो. काका हात जोडून एकेक वचन देत होते, आईला सांभाळू, धाकटीचे लग्न करू, घर विकणार नाही. त्या वेळी झोळीवाला कुणी पुढे येऊन एवढे द्या, त्यांचे डोळे भरतो, असे म्हणाला असता, तर मी घासाघीस केली नसती.