काळा घोडा: वॉटसनच्या बारपाशी

जहांगीर कलादालनापासून उत्तरेकडे चालायला लागलं की समोरच्या बाजूला ओळीनं एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून वाचनालय, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग. त्याला लागून उभी आहे ती एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच जुनं वॉटसन हॉटेल. मी नेहमी समोरच्याच फुटपाथवरून बघतो. बाल्कन्यांखाली उभं राहू नये. 2005 साली मागच्या, पश्चिमेच्या बाजूचा भाग कोसळून एकाचा जीव गेला होता.

फोर्टची तटबंदी पडली आणि ही जागा मोकळी झाली. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केला, ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये घडवले आणि जहाजानं इथं आणून जोडले. 1871 साली हॉटेल सुरू झालं. पाच मजले, 130 खोल्या, आणि तळमजल्यावर बार व भोजनगृह. मधल्या 30 बाय 9 मीटरच्या काचेच्या छताखाली नाच चालायचे.

इमारतीचा भार लोखंडी खांबांवर आहे. विटांच्या भिंती नुसत्या मधल्या जागा भरायला. म्हणून तर तळमजला इतका ऐसपैस ठेवता आला! 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. एक रुपया तिकीट होतं.

हॉटेलचे मालक जॉन वॉटसन वारल्यावर, आणि 1903 साली ताज उघडल्यावर, इथली गर्दी ओसरली. 1960च्या दशकात हॉटेल बंद पडलं आणि आत फळ्या ठोकून खुराडी पाडली. वकिलांच्या कचेऱ्या, दुकानं, बिऱ्हाडं. खरं नुकसान इथून सुरू झालं असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक खोलीची वेगळी मोरी, वेगळा नळ. गळतं पाणी विटांमधून थेट लोखंडापर्यंत. गंज चढला की लोखंड फुगतं आणि लगतची वीट फोडतं. त्या फटीतून आणखी पाणी शिरतं. वरून नुसता रंग मारला तर हे आतलं कुजणं झाकलं जातं, थांबत नाही. त्यातून ओतीव लोखंड दाब सोसतं, ताण सोसत नाही. ते न वाकता एकदम तुटतं.

2019 साली सगळ्यांना बाहेर काढलं. दर्शनी बाजू पूर्वेला आहे, तेव्हा सकाळी लवकर जावं. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे नजर लावली की सांधे एकेक करून ओळखू येतात.