शून्य बाइटची फाइल

चार तास चाललेला माझा प्रोग्राम आज अडकला, म्हणून मी तो ‘किल -९’ (प्रोग्रामला आवराआवरीची संधी न देता तत्काळ बंद करणारी आज्ञा) देऊन थांबवला आणि नोंदींची फाइल उघडली, तर तिचा आकार शून्य बाइट होता.

काल टर्मिनलवर याच प्रोग्रामची प्रत्येक ओळ लगेच दिसत होती. सी भाषेची लायब्ररी टर्मिनलवर लिहिताना बहुधा ओळ संपताच मजकूर पुढे पाठवते. तेच आउटपुट फाइलकडे वळवले, की बफर (तात्पुरत्या साठवणीची जागा) भरेपर्यंत तो मेमरीतच धरून ठेवते. माझ्या मोजक्या नोंदींनी तो बफर भरलाच नव्हता, म्हणून त्या नोंदी प्रोग्रामबरोबरच गेल्या.

बफर भरण्याची वाट न पाहता मजकूर पुढे पाठवायला सीमध्ये ‘एफफ्लश’ हे फंक्शन आहे; पण तो मजकूर कर्नलपर्यंतच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंतच नेतो. वीज गेल्यावरही तो टिकायला हवा असेल, तर मजकूर डिस्कवर पोहोचवणारे ‘एफसिंक’ लागते, आणि ते बरेच संथ असते. चुका शोधण्यासाठीच्या नोंदींना मात्र ओळीमागे एक ‘एफफ्लश’ मला मुळीच महाग वाटत नाही.

तुम्ही ‘एफफ्लश’ कुठे लिहिता?